भुईमुगातील नत्र स्थिरीकरण आणि वाणसुधारणा

भुईमुगातील नत्र स्थिरीकरणासाठी वाणसुधारणा म्हणजे हवेतील नत्र मुळांवरील गाठींमध्ये बांधून घेण्याची भुईमुगाची क्षमता निवड, संकर आणि जनुकीय अभ्यास यांच्या साहाय्याने वाढवण्याचे शास्त्रीय प्रयत्न होत. १९७० च्या दशकापासून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ आणि हैदराबादजवळील पटांचेरू येथील इक्रिसॅट या संस्थांत या विषयावर पद्धतशीर संशोधन झाले. हा गुण एकट्या वनस्पतीचा नसून वनस्पती, जिवाणू आणि जमीन या तिघांचा मिळून ठरतो. त्यामुळे केवळ वाण बदलून तो सुधारत नाही. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या सह्याद्रीच्या कुशीतील भातपट्ट्यात ही बाब विशेष स्पष्टपणे दिसते. या लेखात विषयाची सर्वसाधारण मांडणी करून त्याचा या दोन तालुक्यांतील शेतीशी असलेला संबंध दिला आहे.

पार्श्वभूमी

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र वायूचा असला तरी वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. नत्राच्या रेणूतील दोन अणूंमधील बंध अतिशय बळकट असतो. तो तोडून अमोनिया तयार करण्याचे काम काही मोजके जिवाणूच करू शकतात. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत असे जिवाणू राहतात व त्यांच्यामुळे त्या वनस्पतींना हवेतील नत्र मिळतो, हे जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढवले.

गाठीमध्ये हे काम नायट्रोजिनेज नावाचे विकर करते. त्याच्या रचनेत लोह आणि मॉलिब्डेनम ही मूलद्रव्ये असतात. नत्राचा एक रेणू बांधण्यासाठी पेशीतील ऊर्जावाहक एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा वनस्पतीने पानांत तयार केलेल्या साखरेतून येते. म्हणजे गाठीतील नत्र फुकट मिळत नाही. वनस्पती त्याची किंमत साखरेच्या रूपाने मोजते. शेंगा भरण्यासाठीही हीच साखर लागत असल्यामुळे गाठी आणि शेंगा यांच्यात एक प्रकारची ओढाताण असते. वाणसुधारणेच्या दृष्टीने ही ओढाताण महत्त्वाची आहे.

नायट्रोजिनेज प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते, परंतु जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू लागतोच. हा पेच लेगहिमोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनामुळे सुटतो. ते प्राणवायूला बांधून ठेवते आणि जिवाणूंना तो थोडा थोडा पुरवते. यामुळेच कार्यक्षम गाठ कापली असता आतून गुलाबी ते लालसर दिसते. आतून पांढरी किंवा हिरवट दिसणारी गाठ अकार्यक्षम असते किंवा तिचे काम संपलेले असते.

भुईमुगाच्या गाठींचे वेगळेपण

सोयाबीन, वाटाणा अशा पिकांत जिवाणू मुळांवरील केसांतून आत शिरतात व एका सूक्ष्म नळीसारख्या मार्गाने पुढे जातात. भुईमुगात असा मार्ग तयार होत नाही. मुख्य मुळातून उपमुळे फुटतात त्या ठिकाणी बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून जिवाणू आत जातात. चँडलर यांनी १९७८ मध्ये या प्रवेशाचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन प्रसिद्ध केले. भुईमुगाच्या गाठी त्यामुळे उपमुळांच्या बेचक्यातच आढळतात. काही वाणांत त्या जमिनीखालील खोडाच्या भागावरही येतात.

भुईमुगाशी सहजीवन करणारे जिवाणू ब्रॅडीरायझोबियम या वर्गातील असून ते 'चवळी गटा'चे मानले जातात. चवळी, मूग, उडीद, तूर आणि वाल या पिकांच्या गाठींतही याच गटाचे जिवाणू असतात. हरभऱ्याचे जिवाणू मात्र निराळे आहेत आणि सोयाबीनचे जिवाणूही भुईमुगावर सहसा उपयोगी पडत नाहीत. एका पिकासाठीचे जिवाणू खत दुसऱ्या पिकाला चालेलच असे नाही, ते यामुळेच.

भुईमुगाच्या गाठींतील जिवाणू फुगून गोलाकार होतात. गाठींच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म थेंबही आढळतात. पानांकडून येणारी साखर कमी पडली तर काही काळ हा साठा वापरला जातो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

आनुवंशिक पाया

भुईमूग (अ‍ॅराकिस हायपोजिया) हे ४० गुणसूत्रांचे चतुर्गुणित पीक आहे. दक्षिण अमेरिकेतील दोन रानटी जातींच्या संकरातून ते निर्माण झाले. त्या दोन जातींचे जनुकसंच २०१६ मध्ये आणि लागवडीच्या भुईमुगाचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन पूर्वजांकडून आल्यामुळे भुईमुगात बहुतेक जनुकांच्या दोन जोड्या असतात.

याचा प्रत्यय गाठी न येणाऱ्या झाडांच्या अभ्यासात आला. १९७९ मध्ये गॉर्बेट व बर्टन यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा येथे गाठीविरहित भुईमुगाची नोंद केली. इक्रिसॅटमध्येही गाठी असलेल्या दोन वाणांच्या संकरानंतर पुढील पिढीत काही झाडे गाठींविना निघाली. निगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या गुणाचे स्पष्टीकरण दोन अप्रभावी जनुकांच्या आधारे दिले. दोन्ही ठिकाणी अप्रभावी जनुके एकत्र आली तरच गाठी येत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. पुढील काही अभ्यासांत तिसऱ्या जनुकाचाही सहभाग सुचवला गेला. अलीकडे फ्लोरिडातील संशोधकांनी गाठी तयार होण्याशी संबंधित 'एनएसपी-२' या जनुकाच्या दोन प्रती भुईमुगात शोधल्या. कलकत्ता विद्यापीठात मैत्रेयी दासगुप्ता यांच्या गटाने भेगांमधून होणाऱ्या जिवाणूप्रवेशात कोणते संदेशवाहक जनुक लागतात, याचा अभ्यास केला आहे.

गाठी येणे किंवा न येणे हा गुण एक-दोन जनुकांवर ठरतो. गाठींची संख्या, वजन आणि त्यांनी बांधलेला नत्र हे गुण मात्र अनेक जनुकांवर आणि परिस्थितीवर अवलंबून असतात. अशा गुणांची निवड अवघड असते. एका शेतात उत्तम ठरलेले झाड दुसऱ्या शेतात सामान्य ठरू शकते.

पैदासीचा इतिहास

नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात पीक पैदासकार वाइन आणि जिवाणूशास्त्रज्ञ एल्कन यांनी एकत्रितपणे काम केले. भुईमुगाच्या वेगवेगळ्या गटांत गाठी आणि नत्र बांधण्याची क्षमता सारखी नसते, हे त्यांच्या गटाने दाखवले. पसऱ्या व निमपसऱ्या वाढीचे, उशिरा तयार होणारे व्हर्जिनिया गटातील वाण सामान्यतः अधिक गाठी धरतात. उपट्या, लवकर येणाऱ्या स्पॅनिश गटातील वाणांवर त्या कमी असतात. १९८० च्या दशकात याच गटाने व्हर्जिनिया आणि स्पॅनिश वाणांच्या संकरित संततीत नायट्रोजिनेजच्या क्रियाशीलतेसाठी दोन्ही दिशांनी, म्हणजे जास्त आणि कमी अशी, निवड करून पाहिली.

इक्रिसॅटमध्ये भुईमुगाचे संशोधन १९७६ मध्ये सुरू झाले. तेथे नांबियार व डार्ट यांनी वाण आणि जिवाणू यांच्या जोड्या तपासल्या. रोबट ३३-१ (कादिरी-३) या वाणाला एनसी-९२ हे जिवाणू लावले असता उत्पादनात वाढ मिळते, असे अनेक प्रयोगांत आढळले. हेच जिवाणू इतर वाणांवर तितके परिणामकारक ठरले नाहीत. वाण आणि जिवाणू यांची जोडी जुळावी लागते, हा या प्रयोगांचा मुख्य निष्कर्ष होता.

मापनाच्या पद्धती

बांधलेला नत्र डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे निवडीसाठी तो मोजण्याची खात्रीशीर पद्धत आवश्यक असते. पुढील पद्धती प्रचलित आहेत.

गाठींची मोजणी व वजन – सर्वांत सोपी पद्धत. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी झाड मातीसकट हलक्या हाताने खणून काढतात, मुळे धुतात आणि गाठी मोजतात. झाड उपटल्यास गाठी तुटून जमिनीतच राहतात. संख्या जास्त असली तरी गाठी कार्यक्षम असतीलच असे नाही, म्हणून काही गाठी कापून आतील रंग पाहतात.

अ‍ॅसिटिलीन पद्धत – नायट्रोजिनेज अ‍ॅसिटिलीन वायूचे एथिलीनमध्ये रूपांतर करते, त्या प्रमाणावरून त्याची क्रियाशीलता काढतात. हे मापन केवळ त्या क्षणापुरते असते आणि दिवसाच्या वेळेनुसार बदलते.

समस्थानिक पद्धत – नत्राच्या १५ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाचे प्रमाण हवेत आणि जमिनीत थोडे वेगळे असते. त्यावरून झाडातील किती नत्र हवेतून आला हे काढतात. तुलनेसाठी हवेतील नत्र न घेणारे झाड लागते. गाठीविरहित भुईमूग येथे उपयोगी पडतो.

जगभरातील मोजणींचा आढावा घेणाऱ्या २००८ मधील एका अभ्यासानुसार भुईमुगातील सरासरी ६८ टक्के नत्र हवेतून आलेला असतो. एका हंगामात हेक्टरी बांधल्या जाणाऱ्या नत्राच्या नोंदी साधारण ४० ते २०० किलो इतक्या विस्तृत पल्ल्यात आहेत. या पल्ल्यामागे वाण, जिवाणू, जमीन, पाऊस आणि पिकाचा कालावधी ही सर्व कारणे आहेत.

महाराष्ट्रातील वाण

महाराष्ट्रातील भुईमूग सुधारणेचे काम प्रामुख्याने कृषी विद्यापीठे आणि मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र येथे झाले. जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने १९७८ मध्ये प्रसारित केलेला जेएल-२४ अर्थात 'फुले प्रगती' हा लवकर येणारा उपट्या वाण राज्याबाहेरही पसरला. आफ्रिकेतील मलावीमध्ये तो 'काकोमा' या नावाने लागवडीखाली आला.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या वाणावर क्ष-किरणांचा मारा करून उत्परिवर्तने घडवण्यात आली. त्यांतून व पुढील संकरांतून 'टीजी' मालिकेतील वाण निघाले. या मालिकेतील पहिला वाण टीजी-१ हा १९७३ मध्ये प्रसारित झाला. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेला टीएजी-२४ हा बुटका वाण १९९१ पासून उन्हाळी भुईमुगात लोकप्रिय झाला.

या वाणांची निवड उत्पादन, लवकर पक्वता, दाण्याचा आकार, तेलाचे प्रमाण आणि रोगप्रतिकार या गुणांसाठी झाली. नत्र बांधण्याची क्षमता हा निवडीचा मुख्य निकष नव्हता. टीएजी-२४ सारख्या वाणांत झाडाच्या एकूण वजनापैकी मोठा वाटा शेंगांना जातो. शेतकऱ्याच्या पदरी त्यामुळे अधिक शेंगा पडतात. मात्र पाल्यात आणि मुळांत मागे राहणारा नत्राचा वाटा त्याच प्रमाणात घटतो.

भोर व वेल्हे तालुक्यांतील परिस्थिती

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील डोंगराळ तालुके आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत भाताची खाचरे आहेत. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी होते. घाटमाथ्यालगत पाऊस भरपूर असतो. पूर्वेकडे नसरापूर, किकवी परिसरात तो झपाट्याने कमी होतो. भात हे मुख्य पीक असून भुईमूग दुय्यम आहे. निचऱ्याच्या जमिनीत तो खरिपात घेतला जातो आणि पाण्याची सोय असेल तेथे भातानंतर उन्हाळ्यात. या परिस्थितीत गाठींपुढे चार अडचणी उभ्या राहतात.

पाणी साचणे – सलग पावसात जमिनीतील हवेची पोकळी पाण्याने भरते. प्राणवायूअभावी गाठींचे काम मंदावते व झाड पिवळे पडते. अशा वेळी दिलेला युरिया तात्पुरती हिरवळ आणतो, परंतु जमिनीत उपलब्ध नत्र वाढला की नव्या गाठी धरण्याची क्रिया मंदावते. गादीवाफ्यावर किंवा उताराला आडव्या सऱ्या काढून केलेली लागवड येथे वाणाइतकीच महत्त्वाची ठरते.

आम्लता – जास्त पावसाच्या भागातील तांबड्या जमिनींतून चुना वाहून जातो व जमीन आम्लधर्मी होते. अशा जमिनीत मॉलिब्डेनम पिकाला कमी मिळते आणि त्याच्याविना नायट्रोजिनेज तयार होत नाही. कॅल्शियमची उणीव गाठी धरण्यास बाधक ठरते, तसेच त्यामुळे शेंगा पोचट राहतात. भुईमुगाच्या शेंगा कॅल्शियम मुळांवाटे न घेता थेट भोवतालच्या मातीतून घेतात. म्हणून आऱ्या जमिनीत शिरण्याच्या वेळी जिप्सम देण्याची शिफारस आहे. जिप्समने कॅल्शियम व गंधक मिळते, परंतु आम्लता कमी होत नाही. तिच्यासाठी माती परीक्षणानुसार चुना द्यावा लागतो.

भाताचे खाचर – चार महिने पाण्याखाली राहिलेल्या खाचरात चवळी गटाच्या जिवाणूंची संख्या घटते. भातानंतर प्रथमच भुईमूग पेरल्यास उत्तम वाणावरही गाठी तुरळक येतात. खाचरात पूर्वी वाल किंवा चवळी होत असेल तर योग्य जिवाणू आढळण्याची शक्यता अधिक असते. हरभऱ्याचा या बाबतीत उपयोग होत नाही.

स्थानिक जिवाणूंची स्पर्धा – वरकस जमिनीत याच्या उलट स्थिती असते. तेथे चवळी गटाचे स्थानिक जिवाणू पुष्कळ असतात, परंतु ते सर्वच कार्यक्षम नसतात. बियाण्याला लावलेल्या चांगल्या जिवाणूंना या स्पर्धेत गाठींत जागा मिळवावी लागते. गाठी भरपूर असूनही पीक फिके दिसते, त्याचे एक कारण हे असू शकते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील जैविक नत्र स्थिरीकरण योजनेत पिकानुसार जिवाणू खते तयार केली जातात. भुईमुगासाठी सर्वसाधारण शिफारस प्रति किलो बियाण्यास २५ ग्रॅम रायझोबियम खताची आहे. आधी बुरशीनाशक आणि नंतर जिवाणू खत असा बीजप्रक्रियेचा क्रम पाळतात. जिवाणू सजीव असल्याने प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरतात. उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत उलटलेल्या पाकिटातील जिवाणू मेलेले असतात.

नत्राचा ताळेबंद आणि बेवड

आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणारा परिणाम शेतकरी 'बेवड' या शब्दाने सांगतात. भुईमुगाचा बेवड चांगला, हा सर्वत्र रूढ समज आहे. तो कितपत खरा ठरतो हे पाला कोठे जातो यावर अवलंबून असते.

एक उदाहरण घेता येईल. हेक्टरी २,००० किलो वाळलेल्या शेंगा मिळाल्या आणि त्यांतून ७० टक्के, म्हणजे १,४०० किलो दाणे निघाले असे मानू. दाण्यांत सुमारे २५ टक्के प्रथिने असतात, म्हणजे ४ ते ५ टक्के नत्र असतो. या हिशेबाने दाण्यांबरोबर अंदाजे ६० किलो नत्र शेताबाहेर जातो. संपूर्ण पिकात १०० किलो नत्र आहे आणि त्यातील ६८ किलो हवेतून आला आहे, असे धरल्यास जमिनीतून घेतलेला नत्र ३२ किलो होतो. टरफलातील अल्प नत्र सोडून दिला आणि सगळा पाला व मुळे शेतात परतली, तर जमिनीला ८ किलोंचा लाभ होतो. पालाही उचलून नेला, तर मुळांतील थोडा भाग वगळता सुमारे ३२ किलोंची तूट येते.

भोर व वेल्हे भागात भुईमुगाचा पाला जनावरांचा पौष्टिक चारा आहे. उन्हाळ्याअखेरीस चारा दुर्मीळ असताना तो शेतात गाडणे बहुतेक कुटुंबांना परवडणारे नसते. पाला गोठ्यातून शेणखताच्या रूपाने त्याच शेतात परतला तर नत्राचा काही भाग परत मिळतो. उघड्या उकिरड्यावर मात्र त्यातील बराच नत्र वायुरूपाने उडून जातो किंवा पावसात वाहून जातो.

या हिशेबाचा वाणसुधारणेशी सरळ संबंध आहे. वरील उदाहरणात शेंगांचे उत्पादन तेवढेच ठेवून हवेतून आलेला नत्र ६८ वरून ८० किलोंवर नेता आला, तर पाला परत न येताही तूट ३२ वरून २० किलोंवर येते. याउलट दाण्यांचा वाटा वाढवणाऱ्या आणि नत्र बांधण्याची क्षमता तीच राहिलेल्या वाणाने बाजारातील उत्पन्न वाढते, परंतु त्यानंतरच्या भाताला किंवा नाचणीला अधिक खत लागते.

मर्यादा आणि पुढील दिशा

नत्र स्थिरीकरणासाठीची पैदास मागे राहण्याची काही कारणे स्पष्ट आहेत. मापन खर्चिक आणि वेळखाऊ आहे. संशोधन केंद्रांवरील सुपीक, खत दिलेल्या जमिनीत कमी-अधिक क्षमतेच्या झाडांतील फरक झाकला जातो, कारण जमिनीतून नत्र मिळत असेल तर कमकुवत गाठींचे झाडही जोमदार दिसते. म्हणून अशी निवड कमी नत्राच्या जमिनीत आणि ज्ञात जिवाणूंच्या उपस्थितीत करणे आवश्यक मानले जाते. अधिक नत्र बांधणारे वाण बहुधा उशिरा पक्व होतात. ऑक्टोबरात पाऊस थांबताच ओल संपणाऱ्या उताराच्या जमिनीत असा वाण गैरसोयीचा ठरतो. कमी कालावधी आणि कार्यक्षम गाठी यांचा मेळ घालणे हे त्यामुळे पैदासकारांपुढील मुख्य काम आहे.

संशोधनाच्या सध्याच्या दिशांमध्ये तीन गोष्टी ठळक आहेत. पहिली, जनुकसंचाच्या माहितीवरून गाठींशी संबंधित जनुकांच्या खुणा शोधून रोपावस्थेतच निवड करणे. दुसरी, कार्यक्षम जिवाणूंनाच गाठींत थारा देणारी झाडे ओळखणे. तिसरी, आम्ल, पाणथळ किंवा उष्ण जमिनीत टिकणारे जिवाणू त्या त्या भागातील भुईमुगाच्या गाठींतूनच वेगळे करून तेथील वाणांवर तपासणे. भोर-वेल्ह्यासारख्या, थोड्या अंतरात पाऊस व जमीन बदलणाऱ्या प्रदेशात तिसऱ्या दिशेचे महत्त्व अधिक आहे, कारण घाटालगतच्या खाचरासाठी योग्य ठरलेली वाण आणि जिवाणूंची जोडी पूर्वेकडील कोरड्या शेतात योग्य ठरेलच असे नाही.

हे सुद्धा पहा

भुईमूग
नत्र चक्र
जिवाणू खते
पिकांची फेरपालट
भोर तालुका